कोडेक आधी, कात्री नंतर!

सोमवार ते शुक्रवार ऑफिस, शनिवार-रविवार शॉर्ट फिल्म! दोन मोबाइल, मित्राकडून आणलेला कॅमेरा, वेगळा साउंड रेकॉर्डर... शूटिंग झकास होतं. खरी परीक्षा असते ती एडिटिंगला बसल्यावर. चित्र अडखळतं, आवाज ओठांच्या मागे पडतो आणि नवा लॅपटॉप घ्यायची भाषा सुरू होते. थांबा! आधी कोडेक बघा.

मोबाइल बहुतेक वेळा एच.२६४ किंवा एच.२६५ मध्ये शूट करतो. २००३ साली आलेला एच.२६४ जागा वाचवण्यात एकदम पटाईत. मोजक्याच फ्रेम तो पूर्ण साठवतो, बाकीच्यांमध्ये बदल तेवढे टिपतो. नुसतं बघायला हे ठीक; पण कट मारताना एका फ्रेमसाठी लॅपटॉपला आजूबाजूच्या कितीतरी फ्रेम उलगडाव्या लागतात. मग धाप लागणारच!

अ‍ॅपलचा प्रोरेस (२००७) किंवा अ‍ॅव्हिडचा डीएनएक्सएचडी प्रत्येक फ्रेम स्वतंत्र ठेवतो. एडिटिंग सुसाट. पण जागा? फुल एचडी, २५ फ्रेम, प्रोरेस ४२२ म्हणजे तासाला सुमारे ५५ जीबी. खिशाला परवडणारा मार्ग म्हणजे प्रॉक्सी. प्रोरेस प्रॉक्सीला तेवढ्याच तासाला साधारण १७ जीबी पुरतात. कट प्रॉक्सीवर मारा, फायनल एक्स्पोर्ट मूळ फाइलवरून करा. दा विंची रिझॉल्व्हच्या फुकट व्हर्जनमध्येही ही सोय आहे.

या दोन फाइलींची गाठ बांधून ठेवतात फाइलचं नाव आणि टाइमकोड, म्हणजे तास, मिनिटं, सेकंद आणि फ्रेम. तेव्हा दोन्हींना मध्येच हात लावू नका.

आता फ्रेम रेट. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं की ट्यूबलाइट लुकलुकत नाही. २९.९७ ड्रॉप-फ्रेम ही अमेरिकन टीव्हीची भानगड. तिथे दर दहावं मिनिट सोडून प्रत्येक मिनिटाला दोन आकडे गाळतात (चित्र नाही हं, नुसते आकडे!) आणि तासामागे पडणारा ३.६ सेकंदांचा फरक भरून काढतात. आपण त्या वाटेला न गेलेलंच बरं.

मोबाइलचा फ्रेम रेट मात्र मध्येच कमी-जास्त होतो. आवाज सरकतो तो बऱ्याचदा यामुळेच. हँडब्रेकमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून फाइल बदलून घ्या, मगच टाइमलाइनवर टाका. मोबाइल आणि रेकॉर्डरचा टाइमकोड आपोआप जुळत नाही, म्हणून प्रत्येक टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक खणखणीत टाळी वाजवा. फुकटातला क्लॅपबोर्ड!

आणि हो, फिल्म अपलोड झाली तरी मूळ फाइली दोन डिस्कवर जपून ठेवा. लॅपटॉप पुढच्या बोनसला घेता येईल. आजोबांनी एकदाच रंगवून सांगितलेला किस्सा पुन्हा शूट करता येईलच असं नाही!