अमेरिकेत सरकार ठप्प झालं, तर संशोधन निधीच्या अर्जाचं काय होतं?

१ ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेचं केंद्र सरकार ठप्प झालं. हा 'शटडाऊन' ४३ दिवस चालला. विमानतळांवरचे हाल जगाने पाहिले, पण विद्यापीठांमधली धावपळ फारशी कोणाला दिसली नाही. अमेरिकेतल्या वैद्यकीय संशोधनाला सर्वात मोठा सरकारी निधी देणारी संस्था म्हणजे एनआयएच. तिच्या प्रमुख अनुदानांसाठी अर्ज करण्याची वर्षातली एक मुदत नेमकी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात येते. अर्ज तयार होते, पण घेणारी कार्यालयं बंद होती. त्यात काही फॉर्मही बदलणार होते.

सरकार ठप्प का होतं?

अमेरिकेचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. तोपर्यंत काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, खर्चाला मंजुरी दिली नाही, तर खात्यांना पैसे खर्च करता येत नाहीत. जीवित किंवा मालमत्तेच्या सुरक्षेशी संबंधित कामं सोडली, तर कर्मचाऱ्यांना बिनपगारी, स्वखुशीनेही काम करायला कायद्याने मनाई आहे. त्यामुळे अर्ज हाताळणारा अधिकारी मेलला उत्तर देत नाही, यात त्याचा आळस नसतो. त्याला तशी परवानगीच नसते.

प्रत्येक वेळी सगळ्याच संस्था बंद होतात असंही नाही. २०१८-१९ मधल्या ३५ दिवसांच्या शटडाऊनमध्ये एनआयएचचा निधी आधीच मंजूर झाला होता, म्हणून तिचं काम सुरू राहिलं. मूलभूत विज्ञानाला निधी देणारी एनएसएफ मात्र बंद होती. म्हणून 'सरकार बंद' ही बातमी वाचल्यावर पहिला प्रश्न हाच: आपल्या संस्थेचा निधी मंजूर झाला आहे का?

वेबसाइट सुरू, म्हणजे कार्यालय सुरू?

नाही. इथेच अनेकांची गल्लत होते. अर्ज स्वीकारणारं पोर्टल आपोआप चालतं. अर्ज 'सबमिट' होतो, पण पुढे तो तसाच पडून राहतो. तो तपासायला कोणी नसतं आणि तज्ज्ञ समित्यांच्या बैठकाही पुढे जातात.

मग मुदतीचं काय? शटडाऊन सुरू झाला म्हणून मुदत आपोआप वाढत नाही. ती वाढल्याचं संस्थेला अधिकृत सूचनेतून जाहीर करावं लागतं. २०२५ मध्ये एनआयएचने मुदती पुढे ढकलल्या, पण आधीपासून त्या भरवशावर बसणं धोक्याचं होतं.

मुदत हलली की फॉर्मही बदलू शकतो

कोणता फॉर्म भरायचा हे अर्ज लिहायला कधी घेतला यावर नाही, तर अर्जाची मुदत कोणती यावर ठरतं. एनआयएचमध्ये २५ जानेवारी २०२५ आणि त्यानंतरच्या मुदतींसाठी 'फॉर्म्स-आय' हा नवा संच लागू झाला. संशोधकाच्या परिचयपत्राचा नवा सामाईक नमुना मे २०२५ मध्ये येणार होता, पण तो लांबला आणि २५ जानेवारी २०२६ पासूनच्या मुदतींना लागू झाला. हे परिचयपत्र 'सायएनसीव्ही' या सरकारी ऑनलाइन साधनातच तयार करावं लागतं आणि त्याला ऑर्किड क्रमांक जोडावा लागतो.

म्हणजे ऑक्टोबरची फेरी हुकली आणि अर्ज फेब्रुवारीच्या फेरीत गेला, तर संशोधन तेच राहतं, पण परिचयपत्र नव्याने करावं लागतं. शिवाय २५ सप्टेंबर २०२५ पासून एका प्रमुख संशोधकाला एनआयएचकडे वर्षाला ६ पेक्षा जास्त अर्ज करता येत नाहीत. त्यामुळे घाईघाईत अर्धवट अर्ज टाकून देणंही महागात पडू शकतं.

अर्जदाराच्या हातात काय असतं?

• संस्थेची सॅम डॉट गव्हवरची नोंदणी तपासणं. तिचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. ती संपली असेल, तर उत्तम अर्जही अडकतो.
• मुदतीच्या काही दिवस आधी अर्ज पाठवणं. एनआयएचची मुदत अर्जदार संस्थेच्या स्थानिक वेळेनुसार संध्याकाळी ५ ला संपते आणि चुकांची दुरुस्तीही तोपर्यंतच करावी लागते.
• विद्यापीठाच्या अनुदान कार्यालयाशी आधीच बोलणं. कागदोपत्री अर्जदार संशोधक नसतो, त्याची संस्था असते.
• अर्ज पोहोचल्याची पावती आणि मुदतवाढीची सूचना, दोन्ही जपून ठेवणं.

भारतीय संशोधकांशी याचा संबंध काय?

अमेरिकेत पोस्टडॉक करणाऱ्यांमध्ये महाराष्ट्रातून गेलेले तरुणही आहेत. एनआयएचच्या के९९/आर०० या अनुदानासाठी अमेरिकन नागरिकत्वाची अट नाही, पण साधारणपणे पोस्टडॉकची ४ वर्षं पूर्ण होण्याआधी अर्ज करावा लागतो. वर्षात फेऱ्या तीनच. एक हुकली की ४ महिने गेले. त्याच काळात पोस्टडॉकचा करार किंवा व्हिसा संपत असेल, तर प्रश्न फक्त निधीचा उरत नाही, नोकरीचा होतो.

सरकार पुन्हा कधी ठप्प होईल, हे संशोधकाच्या हातात नाही. अधिकृत सूचना येईपर्यंत जुनीच मुदत खरी मानून तयारी पूर्ण ठेवणं मात्र त्याच्या हातात आहे.