ॲक्रिलिक अक्षरांचं फिनिशिंग स्प्रे मारण्याआधीच ठरतं!



सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मराठी पाट्या लावायला दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि भोसरी-चाकण पट्ट्यात आम्हा बोर्डवाल्यांची धावपळ सुरू झाली. त्याच गर्दीत मी एक ऑर्डर घालवली. लेझरवर कापलेली अक्षरं चकचकीत दिसावीत म्हणून थिनरने पुसली आणि लगेच रंग मारला. दोन दिवसांनी फोन आला, "दादा, अक्षरांना तडे गेलेत." सगळी अक्षरं पुन्हा कापली, शीट आणि मजुरी खिशातून गेली.

चूक कुठे झाली? लेझरच्या उष्णतेने ॲक्रिलिकच्या कडेला ताण राहतो. त्यावर थिनर लागला की बारीक तडे पडतात. म्हणून आता आम्ही असं करतो:

१. सौम्य साबणाच्या पाण्याने धुवायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. थिनर अजिबात नाही.

२. ६०० नंबरच्या वॉटर पेपरने हलका हात फिरवायचा. चकाकी गेली की पुन्हा धुवायचं आणि वाळवायचं.

३. अक्षरं ठोकळ्यांवर उचलून ठेवायची, म्हणजे कडाही रंगतात आणि अक्षर खाली चिकटत नाही. अनुस्वाराचे सुटे ठिपके डबल टेपने पट्टीवर चिकटवा, नाहीतर हवेने उडतात.

४. प्लास्टिक प्रायमरचा पातळ हात, मग रंगाचे दोन-तीन पातळ हात. अंतर साधारण वीतभर. स्प्रे अक्षराच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवायचा. दोन हातांमध्ये किती थांबायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं, ते पाळा.

देवनागरीत रंग साचतो तो शिरोरेषेखालच्या कोपऱ्यात आणि 'क्ष', 'ज्ञ'च्या अरुंद फटीत. तिथे जाड हात दिला की ओघळ आलाच. पावसाळ्यात दमट हवेत काही रंगांवर पांढरट झाक येते, तेव्हा घाई नकोच. आणि मास्क, हवा खेळती जागा यात काटकसर करू नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अक्षराच्या पोटातून निघालेला तुकडा फेकू नका. आधी त्यावर सगळी प्रक्रिया करा. दुसऱ्या दिवशी टेप चिकटवून झटक्यात ओढा. रंग टेपसोबत निघाला, तर गिऱ्हाईकाच्या अक्षरांना अजून हात लावायचा नाही.

"उद्याच उद्घाटन आहे" म्हणणारं गिऱ्हाईक येणारच. त्याला वाळायला लागणारा दिवस कोटेशनमध्येच लिहून द्या. एक दिवस उशीर झाला तर तो रागावेल, पण तडे गेलेला बोर्ड रोज सगळ्या रस्त्याला दिसतो, आणि तो कुणी बनवला हे लोक विचारतातच.