चौकट आहे, दार नाही

शनिशिंगणापूरच्या घरांना चौकटी आहेत, पण दारे नाहीत, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. जगभरातून माणसे ही दार नसलेली घरे बघायला येतात, फोटो काढतात आणि आश्चर्य करीत परत जातात. जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने येथे शाखा उघडली, तेव्हा ‘कुलूप न लावणारी बँक’ म्हणून तिचाही केवढा गाजावाजा झाला! परंतु जिथे दारच नाही तिथे कोणाला आत येता येते आणि कोणाला बाहेर थांबावे लागते, हा प्रश्न कोणी पर्यटक विचारीत नाही. तो प्रश्न मला एका पोराच्या मोबाइलमध्ये भेटला. चार चौकटींच्या एका चित्रकथेत!

हा तरुण याच पंचक्रोशीतला. त्याचे नाव मी देत नाही, कारण तोही आपल्या चित्रांवर नाव टाकीत नाही. दिवसभर तो तेल, रुईच्या पानांचे हार आणि पूजासाहित्याच्या दुकानात काम करतो आणि रात्री मोबाइलवर चित्रे काढतो. नेवासा कोर्टातले काम आटोपून घोडेगावमार्गे परतताना चहाच्या टपरीवर तो भेटला. ‘जयभीम, वकीलसाहेब’ म्हणाला आणि इकडेतिकडे बघून त्याने मोबाइल पुढे केला.

पहिल्या चौकटीत दार नसलेले घर. दुसरीत त्या घराचा फोटो काढणारे पाहुणे. तिसरीत सोनईच्या रस्त्याने पाठमोरे चाललेले तीन तरुण. चौथी चौकट कोरी होती.

“सर, चौथीत काय काढू? काढलं तर केस होईल का?”

वीस वर्षांच्या वकिलीत अशिलांनी मला नाना प्रश्न विचारले. चित्र काढण्याआधी कायदा विचारणारा हा पहिलाच. त्याला टपरीवर जे सांगितले आणि जे सांगायचे राहिले, ते सर्व येथे मांडतो. कारण असे पोर आता एकटे नाही. प्रत्येक वस्तीत, प्रत्येक वसतिगृहात कोणीतरी मोबाइलवर चित्र काढतो आहे.

आधी त्या तीन पाठमोऱ्या तरुणांविषयी. शिंगणापूरहून पाच-सहा किलोमीटरवर सोनई आहे. १ जानेवारी २०१३ रोजी तेथे सचिन घारू, संदीप थनवार आणि राहुल कंडारे या मेहतर समाजातील तिघांची अमानुष हत्या झाली. कारण काय, तर सवर्ण मुलीवरचे प्रेम! खटला नाशिकला चालला आणि २० जानेवारी २०१८ रोजी सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. याच जिल्ह्यात एप्रिल २०१४ मध्ये खर्ड्याच्या नितीन आगेचा बळी गेला. साक्षीदार फुटले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले. मे २०१५ मध्ये शिर्डीत सागर शेजवळ या तरुणाच्या मोबाइलवर भीमगीताची रिंगटोन वाजली, त्यावरून वाद झाला आणि त्याची हत्या झाली. म्हणजे ज्या यंत्रावर हे पोर चित्र काढते, त्या यंत्राचा नुसता आवाजही आपल्या पोराच्या जिवावर उठू शकतो. त्याने इकडेतिकडे का बघितले, हे आता वाचकांच्या लक्षात येईल.

त्याची साधनसामग्री पाहा. काच तडकलेला एक स्वस्त मोबाइल आणि शंभर-दोनशे रुपयांचा टच पेन. शहरातले चित्रकार संगणकाला जोडायची चित्रपाटी वापरतात. पेनावर जोर दिला की रेघ जाड होते, हलका हात ठेवला की बारीक होते. ती घेणे हे त्याचे स्वप्न आहे. ‘क्रिता’ नावाचे चित्रे काढण्याचे सॉफ्टवेअर फुकट मिळते, पण त्याला संगणक हवा. तूर्त तो मोबाइलवरच्या फुकट अ‍ॅपवर काम करतो. तेथे मराठी अक्षरांचा घोळ होतो. जोडाक्षरे तुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. मग तो संवाद दुसऱ्या अ‍ॅपमध्ये टाइप करून, त्याचे चित्र करून फुग्यात चिकटवतो. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने ‘बलू’ आणि ‘मुक्त’ हे देवनागरी फॉन्ट सर्वांसाठी मोफत खुले केले आहेत. त्यातले ‘बलू’चे गुबगुबीत अक्षर चित्रकथेला शोभते, हे मला त्याच्याकडूनच कळले. पट्टी तो उभी लांब करतो, म्हणजे वाचणारा अंगठ्याने खाली सरकवत जातो. ही रीत दक्षिण कोरियात दोन दशकांपूर्वी रुजली. नगर जिल्ह्यातल्या पोराने ती उचलली, यात नवल नाही. नवल हे की आपल्या चळवळीने ती अजून उचललेली नाही!

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. ‘बहिष्कृत भारत’चे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकट्याने लिहीत. छापखाना, कागद, वर्गणी या प्रत्येक दाराशी त्यांना झगडावे लागले. आज छापखाना खिशात आहे. मग आपण त्यावर काय छापतो? सकाळी निळ्या पार्श्वभूमीवर गुलाबाचे फूल आणि ‘जयभीम’! त्याला माझा विरोध नाही. पण तेवढ्यावर थांबायचे का?

थांबायचे नाही, हे काहींनी दाखवून दिले आहे. बाबासाहेबांची चित्रकथा ‘अमर चित्रकथे’ने १९७९ मध्ये काढली, परंतु त्या चौकटी प्रस्थापितांनी आखलेल्या होत्या. २०११ मध्ये नवयान प्रकाशनाने ‘भीमायन’ काढले. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा मजकूर, आणि चित्रे दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड दाम्पत्याची. पाणी, निवारा आणि प्रवास अशा तीन भागांत बाबासाहेबांचे अनुभव तेथे येतात. या दाम्पत्याने पहिल्याच बैठकीत सांगितले की आम्ही माणसांना चौकटीत कोंडणार नाही, मोकळ्या जागेत ठेवू. म्हणून त्या पुस्तकात पाने आहेत पण डबे नाहीत. सोसणाऱ्याच्या बोलण्याचा फुगा पाखराच्या आकाराचा आहे, तर जातीचे विष ओकणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे! ज्यांना अक्षरांपासून दूर ठेवले त्या आदिवासींच्या रेषेने हे केले. दुर्गाबाईंना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच २०११ साली महात्मा फुल्यांच्या ‘गुलामगिरी’वर अपराजिता निनान यांच्या चित्रांचे पुस्तकही नवयाननेच काढले. ही दोन्ही पुस्तके मूळ इंग्रजीत निघाली. ‘गुलामगिरी’ तर मराठी ग्रंथ! त्यावरची चित्रकथा मराठी पोराने मराठीत काढायला नको काय?

आता कायद्याकडे वळू.

चित्रकाराला हक्काची नोंदणी करावी लागते, हा गैरसमज आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र काढले त्या क्षणी हक्क निर्माण होतो. नोंदणी हा पुरावा आहे, अट नव्हे. म्हणून मूळ फाइल तारखेसह जपून ठेवावी. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील कॉपीराइट, निधनानंतरची ६० वर्षे भरल्याने, २०१६ च्या अखेरीस संपला. ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ चित्रांत आणायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. मात्र निधनानंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातले शब्द जसेच्या तसे उचलायचे असतील तर परवानगी घ्यावी. मसूरच्या रेल्वे स्टेशनावर लहान भीमराव आणि भावंडे खोळंबली, ही घटना मात्र इतिहास आहे आणि इतिहासावर कोणाची मालकी नसते.

दुसरा मुद्दा बदनामीचा. न्यायालयीन कामकाजाचा व निकालाचा खरा वृत्तांत प्रसिद्ध करणे हा बदनामीच्या गुन्ह्याला अपवाद आहे. जुन्या दंडसंहितेत तो होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. म्हणून मी त्या पोराला सांगितले, “ऐकीव काढू नकोस. निकालपत्र वाच आणि निकालात आहे तेच काढ. त्या मुलीचा चेहरा काढू नकोस, नावही घालू नकोस. आणि त्या तिघांच्या आईबापांनी हे चित्र पाहिले तर त्यांना काय वाटेल, हे आधी मनाला विचार.” पहिल्या दोन गोष्टी कायद्याच्या आहेत. शेवटच्या दोन कायद्याच्याही वरच्या आहेत.

तिसरा मुद्दा सत्तेच्या रागाचा. असीम त्रिवेदी या तरुणाने इंटरनेटवर भ्रष्टाचाराविरुद्ध व्यंगचित्रे टाकली. सप्टेंबर २०१२ मध्ये मुंबईत त्याला अटक झाली आणि राजद्रोहाचे कलम लागले. संविधानाचा अपमान झाला, असा तक्रारीचा सूर होता. त्यातली काही चित्रे मलाही खटकली होती. पण चित्र खटकणे वेगळे आणि राजद्रोह वेगळा! मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च २०१५ च्या निकालात हेच बजावले आणि राजद्रोहाचे कलम लावण्यापूर्वी पोलिसांनी जिल्ह्याच्या विधी अधिकाऱ्याचे व नंतर सरकारी वकिलाचे लेखी मत घ्यावे, असे घालून दिले. पुढच्याच आठवड्यात सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द केले. राजद्रोहाचे जुने कलम मे २०२२ मध्ये स्थगित झाले. नव्या संहितेत १५२ वे कलम आले आहे. डिसेंबर २०२० मध्ये रचिता तनेजा हिला तर काडीपैलवानासारख्या साध्या आकृत्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या अवमानाची नोटीस निघाली. रेघ सुबक नसली तरी ती टोचते, हे सत्ताधाऱ्यांना चांगले कळते.

आणि आता जे बोलायचे ते आपल्याच माणसांशी. हे काहींना रुचणार नाही, याची मला जाणीव आहे.

मे २०१२ मध्ये पाठ्यपुस्तकातल्या शंकर यांच्या १९४९ च्या व्यंगचित्रावरून संसदेत वादळ उठले. संविधानाच्या गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब आणि मागे आसूड उगारलेले नेहरू. ते पाहून आपले रक्त तापले, ते स्वाभाविक होते. परंतु पुण्यात प्रा. सुहास पळशीकर यांच्या विद्यापीठातल्या कार्यालयाची मोडतोड झाली, ती आपल्याच नावाने. त्याने काय साधले? चर्चा चित्रातल्या आसुडाची व्हायची, ती आपल्या हातातल्या दगडाची झाली!

त्याच काळात उन्नमती श्याम सुंदर या तरुण संशोधकाने दुसरी वाट धरली. तो स्वतः व्यंगचित्रे काढणारा. त्याने जुनी वर्तमानपत्रे धुंडाळून १९३२ ते १९४८ या काळातली बाबासाहेबांवरची शंभराहून अधिक व्यंगचित्रे जमवली आणि २०१९ मध्ये पुस्तक काढले. गांधी-नेहरूंना भव्य काढणारे हात बाबासाहेबांना कसे ठेंगणे, कसे हास्यास्पद काढीत होते, हे त्याने एकेक चित्र समोर ठेवून सिद्ध केले. आपल्या संतापाला त्याने पुरावा दिला. वकील म्हणून सांगतो, फुटलेली काच कोणत्याही कोर्टात आपल्या बाजूचा पुरावा होत नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात जानेवारी २०१६ पासून दिवंगत महापुरुषांच्या अनादराबद्दल कलम आहे. ते अस्त्र द्वेषाने चिखलफेक करणाऱ्यासाठी राखून ठेवा. प्रश्न विचारणाऱ्या रेघेवर ते उगारू नका, कारण उद्या ती रेघ आपल्याच पोराची असेल. त्या पोराच्या एका चित्रात पुढाऱ्यांच्या बॅनरवर पुढाऱ्याचा चेहरा मोठा आणि बाबासाहेबांचा टपाल तिकिटाएवढा आहे. ते चित्र त्याने अजून प्रसिद्ध केलेले नाही. भीती कोणाची, तर आपल्याच कार्यकर्त्यांची! ही आपल्याला लाज आणणारी गोष्ट नव्हे काय?

शिंगणापूरच्या चौथऱ्याचे दारही रेघेनेच उघडले, कायद्याच्या रेघेने. जानेवारी २०१६ मध्ये भूमाता ब्रिगेडच्या महिलांना वाटेतच अडवले गेले. विद्या बाळ आणि अ‍ॅड. नीलिमा वर्तक उच्च न्यायालयात गेल्या. १९५६ चा प्रवेशाचा कायदा साठ वर्षे कपाटात पडून होता, तो त्यांनी बाहेर काढला. १ एप्रिलला आदेश झाला आणि ८ एप्रिलला, गुढीपाडव्याला, चौथरा खुला झाला. मी बौद्ध आहे, मला त्या चौथऱ्यावर जायचे नाही. पण ज्याला जायचे आहे त्याला कोणी अडवता कामा नये, एवढे काळाराम सत्याग्रहाने आम्हाला शिकवले आहे. आणि गंमत पाहा, २०२५ मध्ये याच देवस्थानाच्या नावाने बनावट अ‍ॅपवरून भाविकांचे पैसे उकळल्याचे आरोप विधानसभेत गाजले. दार नसलेल्या गावात चोर शिरला म्हणतात, तो मोबाइलमधून! त्याच गावाजवळ एक पोर त्याच मोबाइलवरून खरे काय ते सांगू पाहते आहे.

त्याची ध्येये मोठी नाहीत. एक चित्रपाटी घ्यायची. ‘सोनई ते शिंगणापूर’ ही चित्रकथा चाळीस पानांची पुरी करायची. ती छापून ६ डिसेंबरला शिवाजी पार्कच्या पुस्तकांच्या स्टॉलवर ठेवायची, वीस-तीस रुपयांना, म्हणजे खेड्यातून आलेल्या मायबाईला घेता येईल. आणि एक दिवस चित्राखाली स्वतःचे नाव लिहायचे. पहिल्या तिन्हींना पैसे लागतात. चौथ्याला समाज लागतो.

जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेच्या भाड्यात अशा कित्येक पोरांच्या हाती चित्रपाटी येईल. आपल्या वस्तीत असा कोणी असेल तर त्याला शोधा. विहारातली एक खोली, एक जुना संगणक, इंटरनेटची जोडणी एवढे त्याला द्या. संपादकांनी आठवड्यातून चार चौकटींची जागा द्यावी. आम्ही वकिलांनी त्याचे चित्र प्रसिद्ध होण्याआधी फुकट वाचून द्यावे. मी ते करायला तयार आहे, माझ्या बंधूंनीही व्हावे.

निकालपत्राची प्रत त्याला पाठवली आहे. इंग्रजी त्याला जड जाते, म्हणून रविवारी तो येतो आणि आम्ही दोघे चार-चार पाने वाचतो. चौथी चौकट अजून कोरीच आहे. तो म्हणतो, “सर, घाई नाही. पण ती मीच भरणार.”