आधी तेरीज, मग संगणक

जिल्हा बँकेच्या तालुका शाखेवरचं सभागृह गावोगावच्या सोसायट्यांचे हिशेब ठेवणाऱ्या गटसचिवांनी भरलं आहे. दोघांत एक संगणक. निम्म्याहून अधिक जण पन्नाशीपुढचे. बऱ्याच जणांनी पिशवीतून आपापल्या सोसायटीची लाल कापडी बांधणीची खतावणी आणली आहे. एकेकाकडे दोन-दोन, तीन-तीन गावांच्या सोसायट्या आहेत.

प्रशिक्षक मुलगी पंचविशीची. पडद्यावर ती मॉड्यूल, मास्टर, व्हाउचर असं भराभर दाखवते आहे. माना हलतात, पण वहीत कोणी काही लिहीत नाही. शेवटी पुढच्या रांगेतले एक सचिव हात वर करतात.

"मॅडम, यात रोजकिर्द कुठं आहे?"

ती थांबते. प्रोजेक्टर बंद करून फळ्यावर दोन रकाने आखते, जमा आणि नावे. "काका, काल सोसायटीत काय काय झालं ते सांगा."

"युरियाच्या बारा गोण्या विकल्या. दोघांचा कर्जाचा भरणा आला. लाईट बिल भरलं."

एकेक व्यवहार फळ्यावर उतरतो. मग तोच व्यवहार कोणत्या स्क्रीनवर जातो, हे ती दाखवते. आता खुर्च्या पुढं सरकतात, वह्या उघडतात. "म्हणजे संध्याकाळी तेरीज आपोआप निघणार?" कोणीतरी विचारतं. "निघणार, पण नोंद बरोबर असेल तरच," ती सांगते.

या वर्गामागं मोठी योजना आहे. 29 जून 2022 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं देशातल्या 63,000 प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे गावच्या सोसायट्यांच्या, संगणकीकरणाला मंजुरी दिली. तेव्हा मंजूर झालेला खर्च 2,516 कोटी रुपये. गावची सोसायटी, जिल्हा बँक आणि राज्य बँक यांना नाबार्डच्या देखरेखीखाली एकाच प्रणालीत जोडायचं आहे. पण ती जोडणी शेवटी होणार आहे ती या सभागृहातल्या बोटांनी.

दुपारी जुन्या बाक्या चढवण्याचा सराव सुरू होतो, आणि खरी अडचण इथं पुढं येते. खतावणीत सभासदाचं नाव 'बापू', आधारवर वेगळंच. एका खात्यावरचा कर्जदार मयत आहे, वारसनोंद झालेली नाही. एका सचिवांची एकूण येणे बाकी बँकेच्या आकड्याशी जुळत नाही. बँकेचे इन्स्पेक्टर खाली वाकून पाहतात. "हा दोष संगणकाचा नाही. दप्तर आधी जुळवायला हवं," ते म्हणतात. सचिव शांतपणे विचारतात, "साहेब, वसुली कधी करू आणि दप्तर कधी जुळवू?"

माझ्या शेजारचे सचिव तारखेच्या चौकटीवर अडले आहेत. ती चौकट किरकोळ नाही. केंद्राच्या योजनेत 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज 7 टक्के दरानं मिळतं. मुदतीत फेडलं तर केंद्राकडून आणखी 3 टक्के सवलत मिळते, आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतूनही व्याजाचा भार उतरतो. कर्जवाटपाची किंवा भरण्याची तारीख चुकली, तर वेळेवर पैसे भरलेला शेतकरी कागदोपत्री थकबाकीदार ठरू शकतो. म्हणून ते प्रत्येक तारीख खतावणीवर बोट ठेवून दोनदा वाचतात आणि मगच बटण दाबतात. ही सावधगिरी आहे, मंदपणा नव्हे.

"एन्ट्री चुकली तर पैसे मी पदरचे भरायचे का?" मागून प्रश्न येतो. कोणी हसत नाही. मुलगी उलट नोंद करून दाखवते. खतावणीत खाडाखोड चालत नाही, तशी इथंही चालत नाही, पण चूक दुरुस्त होते आणि कोणी, केव्हा केली तेही राहतं. सभागृह थोडं सैल होतं.

पाच वाजता हजेरीवर सह्या होतात. "उद्या अडलं तर फोन कुणाला करायचा?" याला मात्र ठाम उत्तर मिळत नाही.

माझ्या मते संपूर्ण प्रशिक्षणाची कसोटी याच प्रश्नात आहे. या माणसांना हिशेब शिकवायला नको, तो त्यांना आयुष्यभर येतो. त्यांना हवा आहे आपल्याच सोसायटीच्या आकड्यांवर सराव, दप्तर जुळवायला मोकळा वेळ, आणि वही व संगणक दोन्ही एकाच वेळी चालवण्याच्या सुरुवातीच्या महिन्यांत शेजारी बसणारा माणूस. सहकार खात्यानं आणि जिल्हा बँकांनी पहिला ताळेबंद जुळेपर्यंत दर दोन-तीन सचिवांमागं एक मदतनीस द्यावा. हजेरीपत्रकावर सह्या झाल्या म्हणून प्रशिक्षण पूर्ण झालं, असं कोणी धरू नये.