पूर, मुंग्या आणि फवारणी

बडोद्यात विश्वामित्रीला पूर आला की वृत्तपत्रांतील छायाचित्रे असतात ती रस्त्यांवर आलेल्या मगरींची. परंतु ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस नदीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली आणि फतेगंज, अकोटा, समा यांसारख्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा मगरींपेक्षा कितीतरी अधिक संख्येने बिऱ्हाड हलवावे लागले ते जमिनीत घरटी करणाऱ्या मुंग्यांना. या उलथापालथीत सर्व जातींचे नुकसान सारखे होत नाही, आणि ज्यांचे सर्वांत कमी होते त्यांत माणसाच्या मालाबरोबर जगभर पसरलेल्या, म्हणून 'भटक्या' म्हटल्या जाणाऱ्या आक्रमक जाती येतात.

पावसाशी जुळवून घेणे देशी मुंग्यांनाही जमते. कोलकात्याच्या 'आयसर' या संस्थेतील संशोधकांनी २०१५ मध्ये डायकॅमा इंडिकम या जमिनीत राहणाऱ्या मुंगीविषयी दाखवून दिले, की घरट्यात पाणी शिरल्यावर ती उंच जागी स्थलांतर करते, प्रसंगी झाडावरही चढते. मात्र एकाच राणीवर चालणाऱ्या वसाहतीत ती राणी बुडाली, तर मागे राहिलेल्या कामकरी मुंग्यांना बहुधा वंश पुढे नेता येत नाही.

लांब मिशांची, दिशा बदलत सैरावैरा पळणारी पॅराट्रेकिना लाँगिकॉर्निस किंवा औषधाच्या कपाटापर्यंत पोहोचणारी बारीक पिवळसर फॅरो मुंगी यांची रीत निराळी आहे. त्यांच्या एका वसाहतीत अनेक राण्या असतात, मीलन घरट्यातच उरकते, आणि काही राण्या व मूठभर कामकरी वेगळ्या निघाल्या तरी नवी वसाहत उभी राहते. पावसाळ्यात भिंतीच्या कडेने तोंडात पांढरे दाणे धरून चढणारी रांग दिसली की 'मुंग्या अंडी घेऊन निघाल्या' असे म्हटले जाते. वस्तुतः ते दाणे बहुतांशी अळ्या आणि कोष असतात, कारण अंडी डोळ्यांना जेमतेम दिसावीत इतकी लहान असतात. अशी एक रांग वरच्या मजल्यावरील विजेच्या बोर्डात शिरली, तरी तिला तेवढा निवारा पुरतो.

पुरालाच वाहन करणारी जात म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या पूरमैदानांतील लाल आगमुंगी, सोलेनॉप्सिस इन्व्हिक्टा. तिच्या हजारो कामकरी जबड्यांनी व पायांनी एकमेकींना धरून तरंगता तराफा रचतात, शरीरांमधील सापटींत हवा अडकल्याने तळातील मुंग्याही बुडत नाहीत, आणि राणी व पिल्लांसह ही वसाहत प्रसंगी कित्येक दिवस वाहत राहते. २०१७ मध्ये हार्वी चक्रीवादळानंतर ह्यूस्टनच्या पाण्यात असे तराफे दिसले होते. ही जात भारतात स्थिरावलेली नाही, परंतु तिची जवळची नातलग सोलेनॉप्सिस जेमिनाटा येथे कधीचीच पसरलेली आहे.

पाणी ओसरल्यानंतरचा काळ अधिक महत्त्वाचा असतो. फ्लोरिडात झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत नांगरलेल्या वा गवत कापलेल्या जमिनीत देशी मुंग्या घटल्या आणि आगमुंग्यांनी पाय रोवले. न ढवळलेल्या वनक्षेत्रात मात्र देशी मुंग्या टिकून राहिल्या. याचा अर्थ, आक्रमक मुंगी नेहमी लढून जिंकते असे नाही, पुष्कळदा ती रिकामी झालेली जागा घेते. आणि गाळ, राडारोडा व उपसलेली माती यांनी भरलेला नदीकाठ ही तशीच जागा होय. काठ सपाट करून झुडपे काढून टाकणे म्हणूनच केवळ सौंदर्याचा प्रश्न उरत नाही.

पुरानंतर घरात मुंग्या वाढल्या की हात प्रथम फवाऱ्याकडे जातो, आणि फॅरो मुंगीच्या बाबतीत नेमकी येथेच चूक होते: फवारणीने बिथरलेली वसाहत फुटते, राण्या वेगवेगळ्या फटींत शिरतात आणि एकाच्या चार वसाहती होतात. त्याऐवजी साखरेच्या पाकात अगदी थोडे बोरिक अ‍ॅसिड मिसळलेले आमिष मुले व पाळीव प्राणी यांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावे, म्हणजे कामकरी मुंग्याच ते राण्यांपर्यंत नेतात. आणि पूरग्रस्त भागातील कुंड्या किंवा माती दुसरीकडे नेण्यापूर्वी त्यांत मुंग्यांचे घरटे नाही ना, हे तपासून पाहावे.