फॉर्म १६ मधली चूक: पेनाने नव्हे, नोंदीत दुरुस्त होते

जून लागला की बोरीत दोन कामांची एकदमच घाई होते. शेतात पेरणीची आणि पगारदारांच्या घरात आयकर विवरणपत्राची. जिंतूर तालुक्यातल्या या गावात आणि आसपास शाळेतले गुरुजी आहेत, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर आहेत, कृषी खात्यातले कर्मचारी आहेत. यातल्या ओळखीच्या लोकांच्या फायली मी दरवर्षी चाळतो. पगाराचा हिशोब बहुधा बरोबर असतो. चूक निघते ती पेन्शनच्या ओळीत.

मागे एक बाई फोल्डर घेऊन आल्या. आत दोन फॉर्म १६ होते. एक छापील, त्यावर ‘ट्रेसेस’ या आयकर खात्याच्या टीडीएस संकेतस्थळाचे बोधचिन्ह. दुसरी त्याचीच झेरॉक्स. तिच्यावर निळ्या पेनाने एक आकडा खोडून दुसरा लिहिलेला, शेजारी सही आणि गोल शिक्का. बाई म्हणाल्या, “सर, ऑफिसनं दुरुस्त करून दिलाय. मग आयकरचा मेसेज का आला?” कार्यालय कोणते, याला इथे महत्त्व नाही. पण तो निळा आकडा मला विसरता येत नाही, कारण अनेकांची समजूत तिथेच अडकलेली आहे.

महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीत आलेल्यांना जुनी पेन्शन नाही. त्यांच्यासाठी परिभाषित अंशदान योजना, म्हणजे डीसीपीएस आली आणि पुढे ही खाती राष्ट्रीय पेन्शन योजनेत, एनपीएसमध्ये वर्ग झाली. त्यामुळे आता पगारपत्रकात पेन्शनचे दोन आकडे असतात, कर्मचाऱ्याचा वाटा आणि शासनाचा वाटा. आयकरात या दोन वाट्यांना वेगवेगळी वागणूक मिळते. बहुतेक चुका त्या फरकातून होतात, आणि त्या वर्षानुवर्षे तशाच राहतात त्या पुढच्या गैरसमजांमुळे.

गैरसमज १: फॉर्म १६ वर सही-शिक्क्यासह आकडा बदलून दिला की चूक मिटली.

वस्तुस्थिती: फॉर्म १६ हा मूळ नोंदीचा उतारा आहे. मूळ नोंद म्हणजे कार्यालयाने दर तिमाहीला आयकर खात्याकडे भरलेले टीडीएस विवरण, फॉर्म २४क्यू. सातबारा झेरॉक्सवर खोडून बदलत नाही, तलाठ्याच्या दप्तरात फेरफार व्हावा लागतो; तसेच हे आहे. पहिल्या तीन तिमाहींच्या विवरणात कापलेल्या कराची नोंद असते. वर्षभराचा वेतन तपशील, म्हणजे एकूण पगार, शासनाचा पेन्शन वाटा, वजावटी, हे सारे फक्त जानेवारी ते मार्चच्या चौथ्या तिमाहीच्या विवरणात जाते. त्याची मुदत ३१ मे आणि फॉर्म १६ देण्याची १५ जून. म्हणून पेन्शनच्या आकड्यातली चूक दुरुस्त करायची तर चौथ्या तिमाहीचे दुरुस्ती विवरण भरावे लागते. त्यावर प्रक्रिया झाली की ट्रेसेस संकेतस्थळावरून नवा फॉर्म १६ काढता येतो. २०१८-१९ पासून त्याचा ‘भाग ब’सुद्धा तिथूनच काढणे बंधनकारक आहे.

गैरसमज २: शासनाचा वाटा हातात येत नाही, म्हणून तो उत्पन्नात धरायचा नाही.

वस्तुस्थिती: धरायचा, आणि मग वजाही करायचा. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १७ नुसार नियोक्त्याने एनपीएसमध्ये भरलेली रक्कम पगाराचा भाग आहे. ती आधी एकूण पगारात मिळवतात आणि कलम ८० सीसीडी (२) खाली मर्यादेत वजा करतात. दोन्ही ओळी हव्यात. यातली एकच ओळ भरली गेली की गोंधळ होतो.

हिशोब करून पाहू. राज्य शासनाच्या एका कर्मचाऱ्याचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिना ७०,००० रुपये आहे. त्याचा स्वतःचा १० टक्के वाटा महिना ७,०००, वर्षाला ८४,०००. राज्याने १ एप्रिल २०१९ पासून आपला वाटा १४ टक्के केला. तो महिना ९,८००, वर्षाला १,१७,६००. कार्यालयाने ही १,१७,६०० रक्कम पगारात मिळवली आणि वजावटीची ओळ कोरी सोडली, तर जुन्या करपद्धतीत २० टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह सुमारे २४,४६० रुपये कर विनाकारण जातो. उलट, न मिळवताच वजा केली तर तेवढाच कर कमी भरला जातो आणि पुढे व्याजासह मागणी येऊ शकते. दुसऱ्या चुकीत आपला फायदा दिसतो, म्हणून कोणी तक्रार करत नाही. पण विवरणपत्रावर सही आपली असते.

नवी करपद्धत घेतलेल्यांनीही हे तपासावे. त्या पद्धतीत स्वतःच्या वाट्याची वजावट मिळत नाही, पण शासनाच्या वाट्याची मिळते. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत पगारदाराला १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर लागत नाही. त्या रेषेच्या आसपास असलेल्याला ही एक ओळ फार महाग पडू शकते.

गैरसमज ३: जादा ५०,००० ची वजावट शासनाच्या वाट्यातून मिळते.

वस्तुस्थिती: ती स्वतःच्या वाट्यातून मिळते आणि फक्त जुन्या करपद्धतीत. कलम ८० सीसीडी (१बी) ची ही वजावट दीड लाखाच्या मर्यादेबाहेर आहे. वरच्या उदाहरणातले ८४,००० कार्यालय सरसकट ८० सीच्या गटात टाकते. विमा, गृहकर्जाची मुद्दल, मुलांची फी यांनी दीड लाख आधीच भरलेले असतील, तर पेन्शनची कपात वाया जाते. त्यातले ५०,००० (१बी) मध्ये आणि उरलेले ३४,००० दीड लाखाच्या गटात दाखवता येतात. एकच रुपया दोन्हीकडे मात्र दाखवता येत नाही. ही मांडणी तुम्ही विवरणपत्रात स्वतः करू शकता. त्यासाठी कार्यालयाच्या पायऱ्या चढायची गरज नाही. पगारपत्रके आणि प्रान खात्याचा, म्हणजे तुमच्या एनपीएस खात्याचा, उतारा जपून ठेवा.

गैरसमज ४: पगारातून कपात झाली म्हणजे रक्कम पेन्शन खात्यात जमा झाली.

वस्तुस्थिती: पगारपत्रक कपात दाखवते, जमा प्रान खात्याच्या उताऱ्यात दिसते. दोन्ही समोरासमोर ठेवून बारा महिने जुळवा. एखाद्या महिन्याची कपात उताऱ्यात नसेल, तर आधी त्याचा पाठपुरावा करा: कार्यालयाकडे लेखी आणि एनपीएसची खाती सांभाळणाऱ्या संस्थेच्या तक्रार प्रणालीत. राहिलेले हप्ते पुढे एकाच वर्षात जमा झाले तर त्या वर्षीच्या फॉर्म १६ मध्ये मोठा आकडा येतो. तो कुठून आला हे सांगायला ही महिनावार जुळणीच कामी येते.

गैरसमज ५: चूक आयकर खात्याने दुरुस्त करावी, किंवा ‘वरून’ होईल.

वस्तुस्थिती: ज्याने विवरण भरले त्यानेच दुरुस्ती विवरण भरायचे असते. तो कोण, हे शोधायला फॉर्म १६ वरचा टॅन, म्हणजे कर कापणाऱ्या कार्यालयाचा क्रमांक, पुरेसा आहे. तो टॅन ज्या आहरण व संवितरण अधिकाऱ्याचा, त्याच्या नावे अर्ज करा. बोरीच्या माणसाला हे नीट कळणे गरजेचे आहे, कारण इथून पंचायत समिती जिंतूरला आणि जिल्हा परिषद परभणीला. चुकीच्या दारात गेलात तर रजा आणि एसटीचे भाडे दोन्ही वाया जाते. पगार ‘शालार्थ’ या वेतन प्रणालीतून निघतो की ‘सेवार्थ’मधून, यावरून टॅन ठरत नाही.

शासकीय कार्यालयांत आणखी एक पायरी असते. तिथे कर चलनाने नव्हे, कोषागारातल्या पुस्तकी समायोजनाने भरला जातो. कोषागार दर महिन्याला फॉर्म २४जी भरते आणि त्यावरून ‘बिन’ हा क्रमांक मिळतो. तो क्रमांक आणि रक्कम २४क्यूमध्ये जुळली नाही, तर कर भरूनही तुमच्या २६एएस या कर उताऱ्यात दिसत नाही. अशा वेळी लिपिकाला ‘माझा टीडीएस दिसत नाही’ एवढेच सांगून थांबू नका. ‘या महिन्याचा बिन तपासा’ असे सांगा. काम नेमके सांगितले की ते लवकर होते.

गैरसमज ६: कापलेला कर कार्यालयाने भरला नाही, तर तो आपल्यालाच पुन्हा भरावा लागतो.

वस्तुस्थिती: कलम २०५ नुसार कर कापला गेला असेल, तर तेवढ्या करासाठी कर्मचाऱ्याकडे पुन्हा मागणी करता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये पगारातून कर कापूनही नियोक्त्याने तो भरला नाही अशा प्रकरणात हेच स्पष्ट केले. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही २०१५ आणि पुन्हा २०१६ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना अशी मागणी सक्तीने वसूल करू नये असे कळवले. म्हणून मागणीची सूचना आली की घाबरून पैसे भरू नका आणि ती दुर्लक्षितही करू नका. पोर्टलवर असहमती नोंदवा आणि कपात दाखवणारी पगारपत्रके जोडा.

गैरसमज ७: कुटुंब निवृत्तिवेतनही पगारच असते.

वस्तुस्थिती: निवृत्त कर्मचाऱ्याची स्वतःची मासिक पेन्शन ‘वेतन’ या शीर्षाखाली येते आणि तिला प्रमाणित वजावट मिळते. पती किंवा पत्नीच्या मृत्यूनंतर मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ असते. त्यावर एक तृतीयांश किंवा १५,००० रुपये, यातली कमी असेल ती वजावट मिळते. नव्या करपद्धतीत २०२४-२५ पासून ही मर्यादा २५,००० आहे. कार्यालयाने ते वेतन म्हणून दाखवून कर कापला असेल, तर तेही लेखी दुरुस्त करून घ्यावे. बऱ्याचदा हे कागद एखाद्या वृद्ध मावशींच्या पिशवीत असतात आणि त्यांना ते वाचून दाखवणारे घरात कोणी नसते. शेजाऱ्यांनी तेवढे करावे.

गैरसमज ८: सवड मिळेल तेव्हा दुरुस्ती करता येईल, तोंडी सांगून ठेवले की पुरे.

वस्तुस्थिती: पूर्वी दुरुस्ती विवरणाला मुदत नव्हती. १ एप्रिल २०२५ पासून ती सहा वर्षांची झाली. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या आयकर कायदा २०२५ ने ती दोन वर्षांवर आणली. ही मुदत विवरण ज्या वर्षी देय होते त्या वर्षाच्या अखेरीपासून मोजतात. नव्या कायद्यात कलमांचे आकडेही बदलले आहेत, पण जुन्या वर्षांचे कागद जुन्याच कलमांनी वाचायचे. म्हणजे आता ‘पुढच्या वर्षी बघू’ याला जागा उरली नाही.

म्हणून अर्ज लेखीच द्या. त्यात पाच गोष्टी हव्यात: आर्थिक वर्ष आणि तिमाही, तुमचा पॅन आणि कार्यालयाचा टॅन, फॉर्म १६ मधला चुकीचा आकडा, बरोबर आकडा आणि त्याचा पुरावा, म्हणजे बारा पगारपत्रके व प्रानचा उतारा, आणि स्पष्ट मागणी, “चौथ्या तिमाहीचे दुरुस्ती विवरण भरून नवा फॉर्म १६ द्यावा.” दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. उत्तर आले नाही तर आठवणपत्र द्या, मग वरिष्ठांना प्रत पाठवा. शासकीय कार्यालय असेल तर माहितीच्या अधिकारात ‘माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली’ एवढेच विचारा. त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

कायद्यात दंडही आहेत. १९६१ च्या कायद्यात विवरण उशिरा भरल्यास दिवसाला २०० रुपये शुल्क, चुकीची माहिती दिल्यास १०,००० ते १ लाख दंड, फॉर्म १६ न दिल्यास दिवसाला ५०० रुपये. अर्जाच्या शेवटी हे नम्रपणे नमूद करायला हरकत नाही. पण बहुतेक ठिकाणी एकच लिपिक शेकडो जणांची बिले काढत असतो. त्याच्या टेबलावर धमकीपेक्षा तयार तक्ता ठेवलात तर तो तुमचे काम आधी हातात घेईल.

त्या बाईंनी तसेच केले. एका पानावर बारा महिन्यांचा तक्ता काढला, दोन आकडे लाल शाईने गोल केले आणि आवक क्रमांक घेऊन आल्या. दोन आठवणपत्रे लागली. मग त्यांनी मला नवा फॉर्म १६ आणून दाखवला. त्यावर पेनाची एकही रेघ नव्हती. शासनाचा वाटा पगारात मिळवलेला होता आणि खाली वजाही झालेला होता. निळ्या शाईची ती झेरॉक्स त्यांनी फोल्डरमधून काढून टाकली. आवक क्रमांकाची प्रत मात्र सर्वांत वर ठेवली.