उन्हाळा आला म्हणून कुत्र्याचा गोटा? आधी हे वाचा

देवळी : वर्धा जिल्ह्यात पारा ४५ अंशांकडे सरकला, की लांब केसांच्या कुत्र्यांवर मशीन फिरवण्याची घाई होते. गोल्डन रिट्रीव्हर, कॉकर स्पॅनियल या मूळच्या शिकारी जाती. आपल्याकडचा झुपकेदार केसांचा पश्मीही त्यातलाच. पण सरसकट गोटा करणे अंगलट येऊ शकते.

का?
कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून शरीर थंड ठेवतो. केस त्वचेला उन्हापासून वाचवतात. गोल्डनचे केस दुहेरी थराचे. ते मुळापासून काढले, तर त्वचा भाजू शकते; काहींचे केस पुन्हा नीट उगवत नाहीत. त्याची आतली गळती लव कंगव्यानेच काढा.

मशीन कोणते?
माणसांचे ट्रिमर दाट केसांत अडकते. पाती बदलता येणारे, कमी आवाजाचे मशीन घ्या. पात्याचा नंबर जितका मोठा, तितके केस बारीक. १० नंबर सुमारे दीड मिलिमीटर केस ठेवते. ४० नंबर शस्त्रक्रियेपूर्वीच्या सफाईसाठी, घरी नकोच.

कसे वापराल?
आधी गुंता सोडवा, आंघोळ घालून केस पूर्ण वाळवा. मशीन केसांच्या दिशेने फिरवा. पाते अधूनमधून मनगटाला लावून बघा. तापले असेल तर थांबा.

शेतातून आल्यावर?
कान, काखा, बोटांच्या बेचक्या तपासा. कुसळ कातडीत शिरून पू होतो, गोचिडांमुळे ताप येतो. कुत्रा सुस्त झाला, जेवेना, तर थेट पशुवैद्यकाकडे न्या.